पितळेची नऊ आभाळं

चंद्राच्या खालचं सगळं सडतं आणि चंद्राच्या वरचं काहीच सडत नाही, असं युरोपातल्या ख्रिस्ती पंडितांनी काही शतकं मानलं होतं. मला हे एका निवृत्त पाद्र्याने सांगितलं तेव्हा मी गोवंडीला भाड्याने राहत होते आणि देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराला आग लागून तीन दिवस झाले होते. खिडक्या लावल्या तरी उशीला धुराचा वास यायचा. त्यामुळे मला ते लगेच पटलं.

हे फादर मला शाळेत नीतिशिक्षण शिकवायचे. ख्रिस्ती मुलं धर्माच्या तासाला दुसऱ्या वर्गात जायची आणि आम्ही उरलेले यांच्या वाट्याला यायचो. मी फळ्यावर आकृत्या बऱ्या काढायचे, तेवढ्यावरून त्यांनी मला तीस वर्षं लक्षात ठेवलं होतं. आता ते बोरिवलीला वृद्ध पाद्र्यांच्या एका घरात राहत होते, गुडघे गेले होते, पण आवाज तसाच खणखणीत होता. त्यांनी कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला आणि फोनवर विचारलं की, तू अजून ड्रॉइंग काढतेस का. मी पवईला एका ऑफिसात एसीच्या डक्टची ड्रॉइंग काढते. म्हटलं, काढते.

मी रविवारी त्यांना भेटायला गेले. चर्चच्या हॉलमध्ये एक छोटं प्रदर्शन भरणार होतं, जुन्या काळी माणसं विश्व कसं बघत होती याचं. त्यांना चित्रं नको होती. मुलांना हाताने फिरवता येईल असं काहीतरी हवं होतं. व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून त्यांनी मला ते विश्व तासभर समजावलं. पृथ्वी मधोमध, न हलणारी. तिच्याभोवती पाणी, हवा आणि आगीची वेष्टणं. मग चंद्राचा गोल, त्याबाहेर बुधाचा, शुक्राचा, सूर्याचा, मंगळाचा, गुरूचा, शनीचा. गोल म्हणजे ग्रह नव्हे. ग्रह अंगठीतल्या खड्यासारखा गोलात बसवलेला असतो आणि गोल स्वतः आरपार दिसणारा, म्हणून आपल्याला नुसता खडा दिसतो. आठव्या गोलावर सगळे तारे. नवव्यावर काहीच नाही. तो फक्त फिरतो आणि आतल्या आठांना फिरवतो. प्रत्येक गोलाला देवदूतांचा एकेक वर्ग नेमून दिलेला.

मी म्हटलं, पृथ्वी मधोमध ठेवली म्हणजे माणसाने स्वतःला भलतंच मोठं समजलं की. फादर हसले. ते म्हणाले की, उलट आहे. मध्य म्हणजे तळ. जड आणि गढूळ ते खाली बसतं, तसा विश्वातला सगळा गाळ इथे येऊन बसलेला. गंज, ताप, म्हातारपण, मरण, सगळं चंद्राच्या अलीकडचं. आणि त्या गाळाच्याही आत, पृथ्वीच्या पोटात, नरक. देव राहतो तिथून सगळ्यात लांबची जागा कुठली, तर ही आपली. देवाची जागा नवव्या गोलाच्याही बाहेर, पण ती आपण बनवायची नाही, कारण तिला आकार नाही, आणि खरं तर ती जागाही नाही.

मी लगेच म्हटलं, माझे बाबा करून देतील. एकात एक बसणाऱ्या नऊ अर्धगोल वाट्या, पितळेच्या, प्रत्येकीच्या कडेवर नाव.

आता हे मी इतक्या झटकन का म्हटलं, ते सांगायला हवं. त्याच आठवड्यात आईचा फोन आला होता. आईबाबा घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर राहायचे, लग्न झाल्यापासून त्याच खोलीत. बाबा कोकणातून मिलमध्ये आले, मिल बंद पडली तेव्हा साकीनाक्याला एका गाळ्यात पत्र्याच्या स्पिनिंगचं काम शिकले. लेथवर लाकडी साचा फिरत असतो, त्याच्या तोंडाशी पितळेच्या पत्र्याची गोल चकती लावायची, आणि लांब दांड्याचं हत्यार बगलेत धरून ती चकती साच्यावर दाबत न्यायची. बघता बघता ताटाची वाटी होते. कळस, समया, दिव्यांच्या वाट्या, घंटा, बाबांनी चाळीस वर्षं हेच केलं. आता ती कामं कुठल्यातरी कारखान्यात शेकड्याने होतात. आई फोनवर सांगत होती की, बाबा रोज सकाळी डबा घेऊन जातात, गाळ्याचं शटर उघडतात, लेथला तेल घालतात, डबा खातात आणि परत येतात. आठ महिने हेच चाललंय. आई रडकी बाई नाही. ती म्हणाली, "काम नसला तर ते मरतले गो. खोटा नाय सांगत."

म्हणजे मला काम मिळालं नव्हतं, औषध मिळालं होतं. मी मोठ्या कागदावर ड्रॉइंग काढलं, सगळ्यात आतली वाटी आमटीच्या वाटीएवढी, सगळ्यात बाहेरची दीड फुटाची, मधोमध एक दांडा आणि त्यावर प्रत्येक वाटी वेगळी फिरणारी. आत शिशाची एक गोळी, ती पृथ्वी. प्रत्येक वाटीसमोर तिचं नाव लिहिलं. आणि ऑफिस सुटल्यावर पवईहून रिक्षाने गाळ्यावर गेले.

बाबांनी कागद हातात घेतला, घडी मोडली, मांडीवर पसरला, त्यावरून तळहात फिरवला. काय आहे ते मी त्यांना तोंडी सांगितलं. नववा गोल सगळ्यांना फिरवतो म्हटल्यावर ते खुलले. मिलमध्ये जुन्या खात्यात वर एक लांब शाफ्ट फिरायचा आणि त्याच्यावरच्या पट्ट्यांनी खालचे माग चालायचे. नववा म्हणजे तो शाफ्ट, असं त्यांनी ठरवून टाकलं. देवदूतांबद्दल त्यांनी विचारलं की, पाळी बदलते की एकच माणूस कायम असतो. मी म्हटलं, कायम. थकत नाही का, विचारलं. म्हटलं, नाही. यावर जरा विचार करून म्हणाले, "मग तो माणूस नाय."

चंद्राचं मात्र मी त्यांना सांगितलं नाही. त्यांचा शर्ट खांद्यावरून सुटला होता, गालफडं बसली होती. समोर असा माणूस असताना गाळाच्या आणि सडण्याच्या गोष्टी कोण काढेल. मी ते सगळं गाळलं आणि म्हटलं, बाकी नावं कागदावर आहेत. ते म्हणाले, "आसत मा. नऊ ग्रह."

त्यानंतर दीड महिना ते माणसात आले. आई सांगायची की, जेवण वाढलंय, आणि संध्याकाळी आल्यावर पत्र्याची तक्रार करतात. पत्रा दाबता दाबता कडक होतो, मग तो भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करावा लागतो, नाहीतर कडेला चीर पडते. मोठ्या वाटीला हे सहा वेळा करावं लागलं. मी एकदा डोकावले तेव्हा ते तयार वाटीच्या कडेवरून अंगठा फिरवत होते, डोळे भलतीकडेच, शटरच्या दिशेला. मला वाटलं, ही खरी कारागिरी, बघावंही लागत नाही. कौतुक वाटून मी फोटो काढला आणि ऑफिसच्या कामाचा फोन आला म्हणून निघाले. दहा मिनिटांच्या अंतरावर काम करत होते मी. पुन्हा फिरकले नाही.

नावं घालायचं काम त्यांनी शेवटाला ठेवलं होतं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात तसं. लग्नात, वास्तुशांतीला भांडं द्यायचं तर कडेला देणाऱ्याचं नाव हवंच, आणि हल्ली दुकानदार ते मशीनने सुईने खरवडल्यासारखं काढून देतो. बाबा छोटी छिन्नी आणि हलकी हातोडी घेऊन ठिपक्याला ठिपका लावत अक्षर ठोकायचे. अर्ध्या असल्फ्याच्या भांड्यांवर त्यांचं अक्षर आहे.

एका शनिवारी दुपारी ते म्हणाले, ये, झालं. मी गेले. गाळ्यात लाकडी फळीवर वाट्या दांड्यावर चढवून ठेवल्या होत्या, कापडाने पुसून. शटरमधून ऊन येत होतं आणि सगळं इतकं सुंदर दिसत होतं की, मी दारातच थांबले. बाबांनी बाहेरची वाटी बोटाने ढकलली, ती आवाज न करता फिरली, मग तिच्या आतली, मग तिच्या आतली. मी जवळ जाऊन नावं वाचली. सगळ्यात आतल्या, आमटीच्या वाटीवर लिहिलं होतं: रवी. मग सोम. मग मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. आठव्यावर राहू. नवव्यावर, जो सगळ्या विश्वाला फिरवतो त्यावर, केतू.

नऊ म्हटल्यावर कोकणातल्या माणसाला दुसरं काय आठवणार. त्यांनी लहानपणापासून ज्या क्रमाने ग्रहांना नमस्कार केला, त्या क्रमाने आभाळ रचलं होतं. मी भिंतीकडे पाहिलं. माझं ड्रॉइंग लेथच्या मागे खिळ्याला लावलेलं होतं. उलटं. अक्षरं खाली डोकं वर पाय.

मला तेव्हा एकदम सगळं कळलं. तो कागदावरून फिरवलेला तळहात, ते शटरकडे लागलेले डोळे. आईला कळलं नव्हतं, मला कळलं नव्हतं. ते टेकडीवरून साकीनाक्यापर्यंत पायांच्या सवयीने येत होते आणि चकती लेथच्या आवाजावरून दाबत होते, अक्षरं बोटांनी चाचपून ठोकत होते. बाबा मात्र मला समजावून सांगत होते. "केतू भायर ठेवलंय बघ," ते म्हणाले, "लोकांचे ग्रह फिरतात म्हणतात, ता उगाच नाय. फिरवणारो हो." त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांनी तो रुबाब आला होता.

मी म्हटलं, झकास झालंय.

चुकलंय असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. म्हातारा माणूस, दीड महिन्याची मेहनत, त्यात डोळे गेलेले, आणि आईचं ते वाक्य. दया आली म्हणून मी गप्प बसले, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. ते अर्धंच खरं आहे. मला लाज वाटली होती. शाळेतल्या फादरसमोर, शिकलेल्या लोकांसमोर, युरोपच्या आभाळात राहू-केतू बसवणारा माझा बाप उभा राहणार होता. त्यांचं हसं होईल हे खरं, पण मला काळजी माझं हसं होईल याची होती.

प्रदर्शनाला आठ दिवस होते. मी टेम्पो बोलावला, वाट्या बोरिवलीला नेते म्हणून सांगितलं आणि दोन गल्ल्या सोडून एका लेझरवाल्याच्या गाळ्यात नेल्या. नावं घासून काढायची आणि नवी घालायची, असं त्याला सांगितलं. त्याने एक वाटी उचलून उजेडात धरली, ठिपक्यांवर नख फिरवलं आणि असलं हातकाम आता कुणी करत नाही, कशाला घासता, म्हणाला. मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, तुम्ही सांगितलंय तेवढं करा.  मग त्याने मोठी वाटी फिरवून केतूच्या खाली बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती, ती माझ्या नजरेतून सुटली होती. माझं नाव, आणि पुढे, "हिजकडून सप्रेम भेट".

काम मी आणलं होतं, म्हणून भेट माझी. भांडं देणाऱ्याचं नाव घालायचं असतं, एवढाच त्यामागे विचार. मी मात्र चर्चच्या हॉलमधली माणसं डोळ्यांपुढे आणली. सगळ्या विश्वाच्या कडेला, लग्नातल्या कळशीवर असते तशी, सप्रेम भेट. हे ठेवायचं का, त्याने विचारलं. मी म्हटलं, सगळं घासा.

दोन दिवसांनी वाट्या मिळाल्या. कडा आरशासारख्या. चंद्र, बुध, शुक्र, सूर्य, मंगळ, गुरू, शनी, तारे, आदिचालक. अक्षरं पुस्तकात छापल्यासारखी सारखी. मला हायसं वाटलं, हे कबूल करते.

प्रदर्शनाच्या दिवशी बाबांना न्यायचं माझ्या मनात नव्हतं. मी आईला सांगून ठेवलं होतं की, बोरिवली लांब पडेल, उन्हात कशाला. पण ते सकाळपासून इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसले होते. आई म्हणाली की, त्यांनी शेजारच्या चार जणांना सांगितलंय, आता नेलं नाहीस तर बघ. मग आम्ही तिघं टॅक्सीने गेलो. वाटेत त्यांनी मला दोनदा विचारलं की, फिरताना आवाज तर होत नाही ना.

हॉलमध्ये पन्नासेक माणसं असतील. मधोमध टेबलावर, वरून दिव्याचा झोत सोडून, वाट्या ठेवल्या होत्या. फादर काठी टेकत पुढे आले, बाबांचे दोन्ही हात हातात घेतले आणि लोकांना सांगितलं की, हे ज्यांनी घडवलं ते हे. टाळ्या झाल्या. मग फादर म्हणाले, पहिला फेरा तुम्हीच द्या.

बाबांनी हात पुढे केला. बाहेरच्या वाटीची कड त्यांना सापडली, पण त्यांनी ती ढकलली नाही. बोटं कडेवर थांबली, मग हळूहळू सरकायला लागली. एक फेरा पूर्ण केला. मग जिथे केतूचं नाव होतं त्याच्या खालच्या बाजूला बोटं गेली आणि तिथेच मागेपुढे होत राहिली, काहीतरी खाली पडल्यावर अंधारात चाचपतो तशी. मग आतली वाटी. मग तिच्या आतली. लोकांना वाटलं, म्हातारा आपल्या कामावरून मायेने हात फिरवतोय. कुणीतरी व्हिडिओ काढत होतं. सगळ्यात आतल्या वाटीपर्यंत जाऊन त्यांनी हात काढून घेतला आणि खिशातल्या रुमालाने बोटं पुसली.

"बरा झालाहा," ते फादरना म्हणाले. "कोणी केल्यान?"

फादर मोठ्याने हसले, बाजूचेही हसले. एवढा नम्र माणूस बघितला नाही, असं कुणीतरी म्हणालं. मी टेबलाच्या पलीकडे उभी होते. बाबांनी माझ्या दिशेला तोंडसुद्धा वळवलं नाही. ते आईचा हात धरून भिंतीकडच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि कार्यक्रम संपेपर्यंत कुणी जवळ आलं की मान हलवत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते गाळ्यावर गेले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाहीत. आईने डबा भरला होता, तो तिनेच दुपारी खाल्ला. मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा त्यांनी विरोध केला नाही. काचबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, बराच जुना. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची तर रोज थेंब घाला, डॉक्टर म्हणाले. उरलेली म्हणजे समोर कवडशाएवढी. गाळ्याच्या मालकाला जागा मोकळी करून हवीच होती. लेथ नेताना कुणी तरी हजर असावं म्हणून मी गेले. ड्रॉइंग अजून खिळ्याला होतं.

दोन महिने मी हे पोटात ठेवलं आणि मग एके रविवारी बोरिवलीला जाऊन फादरना सगळं सांगितलं. ते रागावले. मी त्यांना इतकं रागावलेलं शाळेतही पाहिलं नव्हतं. एक फोन करायला काय झालं होतं तुला, असं त्यांनी तीन-तीनदा विचारलं. मग म्हणाले की, तसंच ठेवलं असतं तर मला हवंच होतं ते.

आणि त्यांनी मला हिशेब करून दाखवला. शनीपासून आत येत जा: शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचा एकेक तास क्रमाने एकेकाला देत जा, चंद्रानंतर पुन्हा शनी. चोवीस तास संपले की पुढच्या दिवसाचा पहिला तास ज्याच्या वाट्याला येईल, त्याचा तो वार. मी बोटांवर मोजलं. शनीनंतर सूर्य आला. सूर्यानंतर चंद्र. चंद्रानंतर मंगळ. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. म्हणजे बाबांनी ठोकलेला क्रम त्याच गोलांमधून निघालेला होता, फक्त मोजायची रीत वेगळी. राहू-केतूसुद्धा युरोपच्या जुन्या ज्योतिष्यांकडे होते, ड्रॅगनचं डोकं आणि शेपूट म्हणून. फादर म्हणाले, मी मुलांना दोन्ही सांगितलं असतं, युरोपचं कागदावर आणि तुझ्या बाबांचं पितळेत. मग जरा वेळाने, राग ओसरल्यावर, "हे मला नको सांगूस. त्यांना जाऊन सांग."

मी बोरिवलीहून थेट घाटकोपरला गेले. बाबा खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, तिथे वारा येतो म्हणून. दोन महिन्यांत ते निम्मे झाले होते. आईचं म्हणणं खरं होत होतं, आणि ते मीच खरं केलं होतं. मी त्यांच्या पायाशी उंबऱ्यावर बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. आधी चंद्राचं, जे मी गाळलं होतं. मग उलटा कागद. मग लेझरवाला. मग फादरनी मांडलेला वारांचा हिशेब. मी म्हटलं, बाबा, तुमचं चुकलं नव्हतं. माझं चुकलं. मी रडत होते आणि रडताना माझा आवाज नको इतका मोठा होतो, शेजारची बाई डोकावून गेली.

ते ऐकत राहिले. मध्येच वार बोटांवर मोजून बघितले, शनिवारपासून पुन्हा शनिवारपर्यंत, आणि मान हलवली. हिशेब पटला असावा. मग विचारलं, सगळी घासली का. मी म्हटलं, सगळी.

"तुझा नाव पण?"

"हो."

आत कुकरची शिट्टी झाली. आई आत होती, पण तिने गॅस बारीक केला नाही. बाबांनी खाली हात आणून माझं डोकं शोधलं आणि त्यावर ठेवला, आणि अगदी साध्या आवाजात, जेवायला काय आहे विचारावं तसं म्हणाले, "त्याच दिवशी सांगूचा होता गो बाय. परत ठोकलंय असतंय. माका दिसणा नाय. आयकाक येता."